राजापूरचे ऊन पाणी आणि टोपीकरांची वखार

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. जबलपुरात कांचघर भागातील एका मराठी बिऱ्हाडी रविवारी संध्याकाळी आम्ही पाचसहा मंडळी जमलो होतो. मुलुखापासून दूर नोकरीस असलेली मराठी माणसे एकत्र आली म्हणजे बदल्या, बढत्या, मुलांच्या परीक्षा आणि गावाहून येणारी आंब्यांची पेटी या चार विषयांपलीकडे गप्पा सहसा जात नाहीत. त्या दिवशी मात्र यजमानांचे एक स्नेही कामानिमित्त जपानला जाऊन नुकतेच परतले होते आणि तेथील आतामी या गावाची छायाचित्रे त्यांनी बरोबर आणली होती. टोकिओच्या नैर्ऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्रकाठी वसलेले हे गाव ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, उतरणीवर घरांच्या ओळी आणि मधूनमधून वाफेचे लोट. एका चित्रात रस्त्याच्या कडेला एक लहानसा दगड उभा दिसत होता.

“हे थडगं कुणाचं?” कोणी तरी विचारले.

“कुत्र्याचं,” स्नेही म्हणाले. आम्ही सारे हसलो. पण त्यांनी त्या कुत्र्याची हकीकत सांगितली तेव्हा हसू ओसरले. १८६० साली रुदरफर्ड आल्कॉक हा इंग्रज वकील फुजी पर्वत चढून परतताना आतामीस उतरला होता. तेथील उसळत्या झऱ्याच्या कढत पाण्याने त्याचा टोबी नावाचा कुत्रा भाजून मेला. आल्कॉकने त्याच्या स्मरणार्थ तेथे दगड उभा केला आणि गावाने तो आजतागायत सांभाळला आहे. त्या झऱ्याचे नैसर्गिक उसळणे पुढे थांबले, तर गावकऱ्यांनी ते यंत्राच्या साहाय्याने चालू ठेवले.

यजमानांच्या वृद्ध मातोश्री कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या. त्यांचे माहेर राजापूरकडचे. त्या म्हणाल्या, “एवढं काय त्यात? आमच्या उन्हाळ्यालासुद्धा गरम पाणी वाहतं. आणि गंगा येते ती वेगळीच. त्यांच्याकडे येते का गंगा?” मग त्यांनी चौदा कुंडे, गोमुख, वडाचे झाड आणि लहानपणी आजोबांबरोबर बैलगाडीतून केलेली गंगेची यात्रा, सारे काही अगदी कालच पाहिल्यासारखे सांगितले. मी सहज विचारले, “आजी, राजापूरची इंग्रजांची वखार कुठं होती, आठवतं का?” त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “वखार? आमचे आजोबा कचेरी कचेरी म्हणत, ती तर नव्हे?”

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. जपान्यांच्या गावात परक्या वकिलाच्या कुत्र्याची आठवण शाबूत राहते आणि ज्या वास्तूमुळे शिवछत्रपतींच्या राज्यास टोपीकरांच्या स्वभावाचा पहिला मोठा धडा मिळाला, ती वास्तू आमच्याच माणसांच्या स्मरणात नुसती ‘कचेरी’ होऊन बसते, हे कसे? पुढे रजा मिळताच मी राजापुरास जाऊन आलो. तेथे जे पाहिले आणि त्यासंबंधी जे वाचले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

आतामीची तुलना मनात घर करून बसली होती, म्हणून आधी तिच्याविषयी दोन शब्द सांगतो. ‘आतामी’ या शब्दाचा अर्थच ‘ऊन समुद्र’ असा आहे. तोकुगावा घराण्याच्या सत्तेचा संस्थापक इएयासु १६०४ साली येथे सात दिवस स्नानासाठी राहिला होता. पुढे त्याच्या वंशातील अधिपतींसाठी येथील पाणी पिंपांत भरून एडोस, म्हणजे आजच्या टोकिओस, नेले जाऊ लागले. आतामीच्या दक्षिणेस त्याच इझू द्वीपकल्पावर इतो नावाचे दुसरे ऊन पाण्याचे गाव आहे. तेथे विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशाने इएयासुच्या आज्ञेवरून पाश्चात्य पद्धतीची दोन जहाजे बांधून घेतली. पहिले ऐंशी टनांचे आणि दुसरे एकशेवीस टनांचे. ॲडम्सचे स्मारक इतो येथे आहे आणि दर वर्षी ऑगस्टात त्याच्या नावाने उत्सव भरतो. याच ॲडम्सच्या मध्यस्थीने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस १६१३ साली जपानात हिरादो येथे वखार घालता आली. दहा वर्षांत ती तोट्यात जाऊन १६२३ साली बंद पडली. जपानी राज्यकर्त्यांनी परक्या व्यापाऱ्यांना आधी जवळ केले, नंतर निरखले आणि अखेर एका मर्यादेत आवळून धरले. हा क्रम ध्यानात ठेवावा. कारण त्याच कंपनीची माणसे पुढे राजापुरास आली आणि तेथेही राज्यकर्त्यांपुढे तोच प्रश्न उभा राहिला.

आता कोकणाकडे वळू. जबलपूरकरांस ऊन पाण्याची कुंडे अगदीच अपरिचित नाहीत. मंडल्याच्या वाटेवर बबेहा येथे आणि पिपरियाच्या बाजूस अनहोनी येथे असे झरे आहेत. पण कोकणात या झऱ्यांची एक ओळच आहे. उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस राजापुरापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधोमध, हे झरे एकापाठोपाठ एक येतात. वज्रेश्वरी व गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोलीकडील उन्हवरे, संगमेश्वराकडील आरवली, तुरळ व राजवाडी, आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. यांतील कित्येक नावांतच ऊन शिरलेले आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल जमिनीत उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी पुन्हा वर येते, अशी भूशास्त्रज्ञांची उपपत्ती आहे. काही ठिकाणी ते हात भाजेल इतके कढत असते. उन्हाळ्याचे पाणी त्या मानाने सौम्य, अंगास सोसेल असे आहे.

या साऱ्या ओळीत राजापूरची गोष्ट वेगळी. बाकीच्या ठिकाणी झरा आहे, देऊळ आहे, यात्रा आहे. राजापुरात त्यांच्या जोडीला बंदर होते. समुद्रापासून सुमारे पंधरा मैल आत खाडीच्या माथ्यावर, अर्जुना नदीच्या काठी हे गाव वसले आहे. खाडीच्या मुखाशी जैतापूर आणि नाट्याचा यशवंतगड. पाठीशी अणुस्कुऱ्याचा घाट. देशावरून बैलांच्या पाठीवर उतरणारे मिरे आणि कापड येथे गलबतांवर चढे आणि अरबस्तान-इराणकडचा माल येथे उतरून घाट चढे. भरतीबरोबर समुद्र गावाच्या पायापर्यंत येतो आणि ओहोटीबरोबर परत जातो. समुद्र दिसत नाही, पण त्याचा श्वास कळतो, असे हे गाव.

मी मुंबई-गोवे रस्त्याने गेलो. रेल्वेने जाणाऱ्यास राजापूर रोड हे कोकण रेल्वेचे स्टेशन आहे, परंतु ते गावापासून बरेच दूर पडते. गाव दरीत आहे. उतरणीच्या पाखाड्या, जांभ्या दगडाच्या भिंती, अरुंद गल्ल्या आणि तळाशी बाजारपेठ. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी पेठेत शिरते आणि व्यापारी माल उचलून वर ठेवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या सरकारी गॅझेटिअरात या गावाचे वर्णन कोकणातील सर्वांत जुन्या वळणाचे आणि सर्वांत चांगले टिकलेले गाव असे केले आहे. त्या वेळी गावची वस्ती पाच हजारांच्या थोडी वर होती आणि रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरांपैकी अरबांची गलबते थेट येत असत असे हे एकच बंदर उरले होते. तेव्हाही मोठे जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबे, कारण खाडी गाळाने भरत चालली होती.

प्रथम उन्हाळ्यास गेलो. यात्रेची जुनी रीत अशी की आधी उन्हाळ्याच्या ऊन पाण्यात स्नान करावे, मग गंगेच्या कुंडांवर जावे आणि शेवटी धोपेश्वरास जाऊन धूतपापेश्वराचे दर्शन घ्यावे. नदीच्या बाजूस महालक्ष्मीच्या देवळाजवळ गोमुखातून उन्हाळ्याच्या पाण्याची धार अखंड पडत असते. पहाटे गेलो होतो. धुके आणि वाफ यांतील भेद कळत नव्हता. दोन शेतकरी पाण्यात पाय सोडून बसले होते. एकाने गुडघ्याकडे बोट दाखवून सांगितले, “औषधपाणी झालं, आता हेच.”

गंगा तेथून जवळच, उंच कातळावर आहे. फरसबंद आवारात चौदा कुंडे, त्यांत एक काशीकुंड, आणि वडाच्या झाडाखाली मूळ गंगेचा उगम. मी गेलो तेव्हा गंगा आलेली नव्हती. कुंडे कोरडी होती आणि तळाशी वडाची पाने पडली होती. साधारणपणे तीन वर्षांनी ती येते, दोन-तीन महिने राहते आणि जशी अकस्मात येते तशीच जाते, असा जुना अनुभव. अलीकडे तिचे येणे-जाणे फार अनियमित झाले आहे. जमिनीखालच्या पोकळीत पाणी विशिष्ट पातळीपर्यंत साठले म्हणजे वक्रनळीच्या तत्त्वाने ते बाहेर पडू लागते आणि पोकळी रिकामी झाली की थांबते, असे एक शास्त्रीय स्पष्टीकरण दिले जाते. श्रद्धावंतांस त्याची गरज भासत नाही. गंगा आल्याची वार्ता पसरताच माणसे मुंबईहून, कोल्हापुराहून, बेळगावाहून निघतात. कवी मोरोपंतांनी या तीर्थावर काव्य रचल्याची प्रसिद्धी आहे. शिवाजीमहाराजांनी येथे स्नान केल्याचे परंपरा सांगते. गागाभट्ट मात्र राजापुरास आल्याचा लेखी आधार आहे. सारस्वतांच्या धर्माधिकारासंबंधीचा १६६४ चा त्यांचा निर्णयग्रंथ राजापूरच्या पंडितसभेशी निगडित आहे. ज्या पंडिताने दहा वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक सांगितला, त्याचे पाय या पाखाड्यांना आधीच लागले होते.

येथवर लोकस्मृती आपली साथ करते. वखारीकडे वळताच ती हात सोडते आणि कागद हाती घ्यावे लागतात.

इंग्रजांपैकी कोर्टेन नावाच्या व्यापाऱ्याच्या मंडळीने १६३७-३८ च्या सुमारास या बाजूस हातपाय पसरले आणि १६४९ च्या सुमारास कंपनीच्या लोकांनी राजापुरात वखार थाटली. त्या वेळी राजापूर विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि हा प्रदेश रुस्तुमजमान या सरदाराकडे होता. मिरे आणि कापड यांचा व्यापार बरा चालला होता. नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि मराठ्यांच्या फौजा कोकणात व कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूस वेगाने पसरल्या. खानाची गलबते राजापूरच्या बंदरात होती. ती ताब्यात घेण्यास मराठी पथक आले. येणे-देण्याच्या गुंत्यात इंग्रज मध्ये सापडले आणि जैतापुराजवळ फिलिप गिफर्ड हा त्यांचा एक माणूस पकडला गेला. त्यास खारेपाटणास नेण्यात आले. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने माणसे पाठवून त्याची वाटेत सुटका केली. प्रकरण येथेच मिटले असते.

पण रेव्हिंग्टन हा नुसता व्यापारी नव्हता. आपण राजकारणाच्या पटावर एक सोंगटी हलवू आणि मोबदल्यात विजापूरकरांकडून सवलती मिळवू, असे त्याच्या मनाने घेतले. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा दिला, शिवाजीमहाराज आत अडकले आणि हा वखारवाला आपली उखळी तोफ, गोळे आणि काही इंग्रज साथीदार घेऊन वेढ्यात दाखल झाला. इतकेच नव्हे तर गडावर गोळे टाकताना त्याने इंग्रजांचे निशाण फडकविले. ज्यांच्याशी कंपनीचे वैर नव्हते, ज्यांच्याविरुद्ध लढण्याचा वरिष्ठांचा हुकूम नव्हता, त्यांच्यावर व्यापारी कंपनीच्या निशाणाखाली तोफ डागण्यात आली. जुलैच्या पावसात महाराज वेढ्यातून निसटले. बाजीप्रभूंच्या बलिदानाची ती रात्र प्रत्येक मराठी मुलास पाठ असते. त्याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतून आलेले गोळे गडावर पडत होते, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

महाराज हे विसरले नाहीत. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडून त्यांनी शरण आणली आणि तेथूनच दक्षिणेस कोकणात मुसंडी मारली. मार्चमध्ये ते राजापुरावर उतरले. वखार लुटली गेली, द्रव्याच्या शोधात तिची जमीन खणण्यात आली आणि रेव्हिंग्टन, गिफर्ड, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर इत्यादी इंग्रज कैद झाले. गावातील इतर धनिकांसही द्रव्य द्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे. शिक्षा अपराध्यापुरती राहिली नाही, असा आक्षेप घेणाऱ्यास त्या काळच्या युद्धनीतीकडे बोट दाखविता येईल, पण आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

कैद्यांची पुढची हकीकत मोठी बोलकी आहे. त्यांस वासोटा, सोनगड, रायरी अशा डोंगरी किल्ल्यांत ठेवण्यात आले. रेव्हिंग्टन आजारी पडल्यामुळे आधी सुटून सुरतेस गेला आणि लवकरच मरण पावला. इतरांनी सोनगडाहून पळण्याचा प्रयत्न केला, तो फसला. कैदेत खितपत पडलेल्या या लोकांनी सुरतेच्या वरिष्ठांस संतप्त पत्रे लिहिली. कंपनीच्या मालाच्या रक्षणासाठी आम्ही हे भोगतो आणि तुम्ही आमच्याकडे पाहत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यावर सुरतेच्या अध्यक्षाने १६६२ च्या मार्चमध्ये जे उत्तर पाठविले, ते सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांनी अवश्य ध्यानात घेण्यासारखे आहे. तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्ही चांगले जाणता, कंपनीच्या मालाचे रक्षण केल्याबद्दल नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजी निशाणाखाली गोळे टाकल्याबद्दल, अशा आशयाचे ते उत्तर आहे. म्हणजे महाराजांच्या बाजूने साक्ष देणारा पहिला कागद इंग्रजांच्याच दप्तरात निघतो! राजापूरची लूट हा केवळ पुंडपणा होता असे लिहिणाऱ्यांस त्यांच्याच वरिष्ठाची ही कबुली पुरेशी आहे. १६६३ च्या आरंभी उरलेले कैदी सुटले.

प्रकरणाचा शेवट आणखी अकरा वर्षांनी, आणि तोही तलवारीने नव्हे तर तहाने झाला. वखारीच्या नुकसानभरपाईचा तगादा इंग्रजांनी सोडला नाही. १६७२ साली स्टीफन उस्टिक आणि १६७३ साली थॉमस निकल्स असे त्यांचे वकील बोलणी करून गेले. अखेर जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकास रायगडी आला असता तह झाला. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन देण्याचे महाराजांनी मान्य केले. हुबळीच्या लुटीचा दावा मात्र त्यांनी मान्य केला नाही. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. जे आपल्या हुकुमाने झाले त्याची जबाबदारी घ्यावी, जे आपले नव्हे ते दुसऱ्याच्या आग्रहाखातर माथी घेऊ नये. अपराध्यास शिक्षा, नंतर हिशोब आणि मग व्यापाराची मोकळीक, असा हा क्रम अभिषिक्त राजास शोभणारा आहे. इंग्रजांची वखार पुढे पुन्हा उघडली, पण ती फार वर्षे चालली नाही. फ्रेंचांनीही काही काळ येथे वखार ठेवली होती.

हे सारे कागद इंग्रजांचे. कारकुनी बाण्याने त्यांनी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवली, म्हणून राजापुरात कोण केव्हा पकडले गेले, कोणास ताप आला, कोण कोणावर रागावला, हे साडेतीनशे वर्षांनंतर आपणांस कळते. मग आमच्या बाजूने काहीच उरले नाही काय? उरले आहे, आणि ते मोलाचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र सिद्ध झाले. रामचंद्रपंत म्हणजे शिवकालाचा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी असलेला मुत्सद्दी. त्यांनी टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे. इतर सावकारांसारखे हे निव्वळ सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, आरमार आणि दारूगोळा हे यांचे बळ, एकदा हाती गेलेली जागा हे सोडणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ आहे. म्हणून त्यांस व्यापार करू द्यावा, पण वखारीस जागा समुद्रकाठी देऊ नये. द्यावीच लागली तर समुद्रापासून चार-आठ कोस आत, राजापुरासारख्या गावाजवळ, सखल आणि दबावाखाली राहील अशी द्यावी, आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये.

हा उतारा मी विद्यार्थिदशेत वाचला होता. त्यातील ‘राजापूर’ या शब्दावरून तेव्हा नजर नुसती फिरली. त्याचा अर्थ कळला तो राजापूरच्या जुन्या बंदराच्या बाजूस उभे राहिल्यावर. दोहोंकडे उंच डोंगर, मधे अरुंद पाणी. येथून जहाजाला समुद्र गाठावयाचा तर पंधरा मैलांची नागमोडी खाडी, भरतीची वेळ आणि मुखाशी किल्ला. वरच्या पाखाडीवरून खाली नुसते पाहिले तरी वखारीचे अंगण नजरेच्या टप्प्यात यावे. येथे वखार घालणारा माणूस व्यापार करू शकतो, राज्य करू शकत नाही. अमात्यांनी सांगितलेली कसोटी पुस्तकातून सुचलेली नव्हती. ती या दरीत, या पाण्याकाठी, प्रत्यक्ष प्रसंगातून पारखून घेतलेली होती. जपानी राज्यकर्त्यांनी डचांस नागासाकीजवळच्या देशिमा या लहानशा बेटावर कोंडले, त्यामागेही हेच धोरण होते. त्यांनी ते दोनशेहून अधिक वर्षे नेटाने चालविले. आमच्याकडे ते कागदावर उतरले आणि पुढच्या पिढ्यांना त्याचा विसर पडला.

१७१३ साली राजापूर आंग्र्यांकडे गेले, १७५६ साली पेशव्यांनी ते घेतले आणि १८१८ साली पेशवाईबरोबर तेही इंग्रजांच्या हाती पडले. ज्या वखारीतून दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज कैदी म्हणून बाहेर नेले गेले, त्याच गावात ते मालक म्हणून परतले. आणि वखारीचे काय झाले? वर उल्लेखिलेले गॅझेटिअर सांगते की खाडीपर्यंत गेलेल्या आवाराची ती भक्कम दगडी इमारत तेव्हा सरकारी कचेरी म्हणून वापरात होती. कांचघरच्या आजींच्या आजोबांची ‘कचेरी’ ती बहुधा हीच. म्हणजे आजींचे उत्तर चुकीचे नव्हते. इतिहासाचा एक थर त्यांना ठाऊक होता, त्याखालचा थर कोणी सांगितला नव्हता. आज त्या वास्तूचे जुने वैभव विचारत विचारत शोधावे लागते. बंदर गाळाने निकामी झाले, गलबते गेली, व्यापार घाटमाथ्याकडे आणि मुंबईकडे वळला. ऊन पाणी वाहत राहिले, गंगा येत-जात राहिली, म्हणून लोक येत राहिले आणि ती स्थळे जगली. वखारीस देव नव्हता, तीर्थ नव्हते, तिच्या स्मरणासाठी कोणी नवस बोलले नव्हते. म्हणून ती विसरली गेली.

यात दोष कोणास द्यावा? गावकऱ्यांस देऊन भागणार नाही. ज्या गोष्टीची पूजा होते ती आपण टिकवितो, ज्या गोष्टीपासून शिकावयाचे ती टिकविण्याची सवय आपणांस लागली नाही, हेच खरे. आतामीच्या लोकांनी ऊन पाणी आणि इतिहास यांची फारकत होऊ दिली नाही. स्नानास येणारा प्रवासी जाता जाता इएयासुचे नाव ऐकतो, कुत्र्याचा दगड पाहतो आणि परक्या वकिलाच्या काळाची त्यास कल्पना येते. उन्हाळ्यास येणारा आमचा यात्रेकरू धूतपापेश्वराचे दर्शन घेऊन परस्पर गाडीत बसतो. त्याच्या वाटेवर एक साधा फलक, चार ओळींची माहिती आणि एखाद्या शिक्षकाने सांगितलेली पन्हाळ्याच्या गोळ्यांची गोष्ट, एवढे जरी असेल तरी यात्रेत एक नवे तीर्थ वाढेल. तशी जागृती अशक्य नाही, याचा पुरावा त्याच तालुक्यात आहे. बारसू, देवीहसोळ, कशेळी येथील कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे पिढ्यान्पिढ्या गुराख्यांच्या पायांखाली होती. काही जिज्ञासू माणसे गावोगाव हिंडली, त्यांनी ती नोंदविली आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. हिंडणारा आणि नोंदणारा माणूस मिळाला की दगडसुद्धा बोलू लागतो.

परत आल्यावर पुन्हा एकदा कांचघरास त्याच घरी बैठक भरली. आजींना मी उन्हाळ्याच्या पाण्याची बाटली दिली आणि वखारीची सारी कथा सांगितली. शेवटी त्यांनी विचारले, “मग त्या इंग्रजांना इथं जबलपुरात कोणी आणलं?” प्रश्न साधा होता, पण नेमका होता. १७८१ साली सागरच्या मराठी सत्तेने गढा-मंडल्याचा हा मुलूख घेतला, १७९८ नंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. राजापूर गेले ते त्याच युद्धात, काही महिन्यांच्या अंतराने. अर्जुनेच्या काठी मिळालेला धडा नर्मदेच्या काठी उपयोगी पडला नाही.

आपण बहुतेक लिहिण्या-वाचण्यावर पोट भरणारी माणसे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाच्या नोंदी करतो, टिपणे लिहितो, नकला जपतो. राजापूरची हकीकत जगास कळली ती अशाच नोंदी ठेवणाऱ्या कारकुनांमुळे, आणि ते कारकून परके होते. वर्षाकाठी मिळणाऱ्या रजेत आपण गावी जातो, देवदर्शन करतो, आंबे-काजू घेऊन परततो. त्यातलाच एक दिवस आपल्या गावच्या एखाद्या पडक्या भिंतीस द्यावा, तिच्याविषयी वडीलधाऱ्यांस विचारावे आणि जे कळेल ते तारीखवार लिहून ठेवावे. आजींनी त्या रात्री नातवास वही आणावयास सांगितली आणि आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या ‘कचेरी’विषयी जेवढे आठवले तेवढे त्याच्याकडून लिहवून घेतले. ते जेमतेम अर्धे पान भरले. मी ते अर्धे पान मागून घेतले आहे आणि राजापूरच्या माझ्या टिपणांत वर लावून ठेवले आहे.